वेनान्सियोच्या डाव्या हाताला

१

माझा भाऊ वेनान्सियो हार्प बनवायचा. आमच्या लुके गावात हार्प बनवणारे गल्लोगल्ली सापडतील, पण बनवलेली हार्प गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ती स्वतः तासन्तास वाजवत बसणारा तो एकटाच. "उजवा हात म्हणजे पोरगी, डावा हात म्हणजे बाप," असं तो म्हणायचा. "पोरीनं खुशाल नाचावं, बापाचे पाय मात्र जमिनीवर हवेत." उजव्या हाताने तो गाणं वाजवायचा आणि डावा हात खालच्या जाड तारांवर सावकाश चालत राहायचा.

लाकूड बघायला म्हणून तो मोटारसायकलवरून आरेग्वाच्या रस्त्याने निघाला होता. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि मागे लोंबणारी फळी याच्या उजव्या कानशिलावर बसली. माणूस वाचला. पण इस्पितळातून बाहेर आला तो अर्धाच.

"डोळे शाबूत आहेत," डॉक्टर मला म्हणाले. "डावा हात लुळा पडलाय, तो हळूहळू सुधारेल. खरी अडचण निराळी आहे. मेंदूनं डावी बाजू सोडून दिलीय."

"सोडून दिलीय म्हणजे काय हो?"

"म्हणजे त्यांच्या लेखी ती नाहीच. दिसत नाही असं ते म्हणणार नाहीत. तिकडे काही असतं हेच त्यांना ठाऊक नाही."

वेनान्सियोने लग्न केलं नव्हतं. मी विधवा, शाळेच्या पोरांचे गणवेश शिवते. त्याला माझ्याकडे आणलं, पुढची खोली दिली, त्याची हार्प आणि हत्यारांचं बाकडंही तिथंच मांडलं.

हळूहळू आमची एक रीत बसली. मी ताट वाढायची. तो उजव्या अर्ध्यातलं मांस आणि उकडलेले मांदियोकाचे कंद खायचा, चमचा ठेवायचा आणि म्हणायचा, "निमी, हल्ली हात आखडता घेतेस बघ." मी जाऊन ताट फिरवायची. डावी बाजू उजवीकडे यायची आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळायचा. "अरेच्चा! अजून आहे की!" दाढी तो उजव्या गालाची करायचा, डाव्या गालाची मी. डावीकडून हाक मारली तर तो उजवीकडे शोधायचा. "कुठे लपलीस गं?"

पहिले काही आठवडे मी रडायची. पुढे आम्ही दोघं हसायला लागलो.

२

एके दुपारी ताट फिरवायला गेले, तर डावा भाग स्वच्छ. उजव्या बाजूचं अन्न जसंच्या तसं.

"वेना, आज उलटं कसं झालं?"

"काय उलटं?" तो म्हणाला. "अजून सुरुवातच कुठे केलीय मी! तेरेरे पीत बसलो होतो." त्याच्या उजव्या हातात त्या गार काढ्याचा शिंगाचा पेला होता.

माझी पहिली शंका कोंबड्यांवर गेली. शेजारच्या ओब्दुलियाच्या कोंबड्या दार उघडं दिसलं की सरळ आत शिरतात. मी कुंपणापाशी जाऊन तिला चांगलं सुनावलं.

"थांब थांब," ओब्दुलिया म्हणाली. "ताट आण बघू इकडे."

मी ताट नेलं. तिने ते उन्हात धरून बघितलं. रस्सा भाकरीने पुसून घेतल्यासारखा पुसला होता. बरगडीची हाडं चोखून ताटाच्या काठाशी एकाशेजारी एक लावून ठेवली होती.

"माझ्या कोंबड्या गुणाच्या आहेत हे खरं," ती म्हणाली, "पण एवढं वळण मी त्यांना अजून लावलेलं नाही गं बाई."

आम्ही दोघी हसलो. वेनान्सियोनेच खाल्लं असणार आणि तो विसरला असणार, असं ठरवून मी ताट घासलं. डोक्याला एवढा मार बसलेला माणूस काय काय विसरेल, कोण सांगणार? माझा नवरा इलेक्ट्रिशियन होता. तो म्हणायचा, "दिवा आपोआप लागत नसतो. तार सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ." मीही त्याच मताची आहे. ताट घासताना एक गोष्ट तेवढी मनात खुपत राहिली. वेनान्सियो लहानपणापासून हाडं जमिनीवर कुत्र्याला टाकतो. काठाशी लावून ठेवणं त्याच्या स्वभावात नाही.

३

दुसरी गोष्ट दाढीची.

सकाळी त्याला आरशासमोर बसवून मी दूध तापवायला गेले. परत येऊन वस्तरा घेतला आणि त्याची हनुवटी माझ्याकडे वळवली, तर डावा गाल तुळतुळीत. साबणाचा फेसही पुसलेला. जबड्याखाली बारीकसं कापलं होतं आणि त्यावर कागदाचा कपटा चिकटवलेला.

माझा आनंद मावेना. "वेना! डावा गाल तू केलास?"

"मी कशाला करीन? तूच केलास की आत्ता."

"मी दूध बघत होते रे."

तो आरशात उजव्या बाजूच्या स्वतःकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तू रागावली आहेस. एरवी दाढी करताना तुझी बडबड थांबत नाही. आज एक शब्द बोलली नाहीस."

मी तो कपटा काढून पाहिला. कोरा होता. आमच्या घरात तसला पातळ कागद कुठून आला, हे मी दिवसभर शोधत होते. शिवणाच्या पेटीत बघितलं, बाकड्याच्या खणात बघितलं. सापडला नाही.

आरोग्य केंद्रातून सुनिल्दा नावाची मुलगी यायची. त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची. हुशार, हसरी, रिकामी बसणं तिला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या रीतीने मला मानाने 'न्या' म्हणायची, त्याला 'काराई'. तिला मी ताट आणि दाढी दोन्ही सांगितलं.

"न्या निमिया, ही तर चांगली बातमी आहे!" ती म्हणाली. "डावी बाजू जागी होतेय. हात काम करतोय, फक्त त्यांच्या डोक्याला अजून पत्ता नाही. असं होतं."

"असं होतं ना?"

"होतं."

तिने सांगितल्यावर मला किती हलकं वाटलं! त्या रात्री मी गाढ झोपले.

४

आमच्याकडे दुपारी सगळं गाव झोपतं. उन्हं अशी की पाखरूही ओरडत नाही. मी आतल्या खोलीत फरशीवर चटई टाकून पडले होते, पंखा चालू होता. पुढच्या खोलीतून हार्प ऐकू आली.

तो रोजच वाजवायचा, पण एका हाताने. नुसती पोरगी नाचायची, बापाचा पत्ता नाही. ऐकवत नसे मला ते. त्या दुपारी मात्र खालच्या तारा वाजत होत्या. जाड, सावकाश, एकही ठोका न चुकता. मी उठून बसले. डोळ्यांना धार लागली. सुनिल्दा खरं बोलत होती तर! मी अनवाणीच दारापर्यंत गेले.

त्या खोलीचं आतलं दार वेनान्सियोच्या डाव्या हाताला येतं. त्यामुळे मी दारात उभी राहिले तरी त्याला कळणं शक्य नव्हतं. हार्प त्याच्या उजव्या खांद्यावर रेलली होती. उजवा हात तारांवर फिरत होता. डावा हात मांडीवर पडला होता, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. झोपलेल्या मांजरासारखा.

आणि खालच्या तारा वाजत होत्या.

क्षणभरच. मी दिसल्यावर माणूस थांबावा तशा त्या थांबल्या. वेनान्सियोने तर मला पाहिलं नव्हतं. त्याचा उजवा हात एकटाच थोडा पुढे गेला आणि तोही थांबला.

"का थांबलात?" त्याने विचारलं.

मला तो जन्मात कधी 'तुम्ही' म्हणालेला नाही.

सगळ्यात जाड तार अजून थरथरत होती. तिची गुणगुण मला दारापर्यंत ऐकू येत होती. मी मनाला सांगितलं की एक तार वाजली की दुसरी आपोआप घुमते, हे तर वेनानेच मला लहानपणी दाखवलं होतं. खरंच दाखवलं होतं. पण घुमणाऱ्या तारेला ठेका धरता येत नाही.

मी आत गेले नाही. पाय न वाजवता मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच मोठ्याने भांडी आपटली.

५

त्याला डावीकडे बघायला शिकवायचं, हाच आता एक उपाय आहे असं माझ्या मनाने घेतलं. त्याने बघितलं की तिकडे काही नाही हे त्यालाही कळेल आणि मलाही. सुनिल्दाचाही तोच बेत होता. माझ्या शिवणाच्या पेटीतली लाल रिबीन घेऊन तिने ती टेबलाच्या डाव्या काठाला बांधली.

"काराई वेनान्सियो, ही रिबीन दिसेपर्यंत मान वळवायची. दिसली की झालं. घाई नाही."

"कुठली रिबीन?"

"तीच तर शोधायचीय!"

पहिल्या दिवशी मान नाकासमोरून पुढे जाईना. सुनिल्दाने हार मानली नाही. ती त्याची हनुवटी बोटाने हलकेच ढकलायची, थट्टा करायची, गाणं म्हणायची. मीही समोर उभी राहून म्हणायची, "अजून थोडं, वेना. माझ्यासाठी. अजून." त्याच्या कपाळावर घाम यायचा. जड दार ढकलल्यासारखा तो मान ढकलायचा.

आणि एका दुपारी ती वळली. टेबलाच्या मध्यापर्यंत, मग काठापर्यंत. "दिसली!" तो ओरडला. "लाल आहे!" सुनिल्दाने टाळ्या वाजवल्या.

पण त्याची नजर रिबिनीवर थांबली नाही. ती तिथून वर चढत गेली. सावकाश, जशी आपण उभ्या माणसाच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढवतो तशी. उभ्या माणसाचं डोकं जिथे असतं तिथे ती थांबली. मी त्या जागेकडे पाहिलं. भिंत होती, भिंतीवर उन्हाचा पट्टा होता, बाकी काही नव्हतं.

न्हाणीघराचं दार चुकून उघडावं आणि आत कुणी असावं, तेव्हा माणूस नजर कशी खाली टाकतो? तशी त्याने टाकली.

"माफ करा," तो पुटपुटला.

"माफी कसली, काराई? शाब्बास!" सुनिल्दा हसत म्हणाली. तिला वाटलं तो तिच्याशीच बोलला.

६

दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना त्याच्या डाव्या दंडावर वळ दिसले. अंगठ्याचा एक, वर. बोटांचे चार, खाली. काळेनिळे. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. माझी बोटं शेवटच्या वळापर्यंत पोचली नाहीत.

"वेना, हे कुणी केलं?"

त्याला तो दंड आपला आहे हेच ठाऊक नव्हतं, तर दुखणं कुठून कळणार? पण माझा प्रश्न त्याला कळला.

"निमी," तो म्हणाला, "मला तिकडे बघायला लावू नकोस."

"काय आहे तिकडे?"

"मला नाही माहीत. बघितलेलं त्यांना आवडत नाही, एवढंच मला कळलं. नाही बघितलं की चांगले असतात. फार चांगले असतात, निमी."

माझ्या भावाला मी एकदाच रडताना पाहिलं होतं, आई गेली तेव्हा. आता तो साबणाच्या फेसात बसून रडत होता, आणि अश्रू पुसत होता फक्त उजव्या डोळ्याचे.

सुनिल्दाने बाही वर केली आणि वळ बघितले. तिचं हसू मावळलं. तिने मला अंगणात आंब्याखाली नेलं.

"न्या निमिया, तुम्ही थकला आहात का?"

"थकणार नाही तर काय?"

"रोज रोज एका माणसाचं सगळं करायचं. राग येतो. कुणालाही येतो. मी तुम्हाला दोष देत नाही."

ती काय म्हणतेय हे कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा कानशिलं तापली. "पोरी, मी भावावर हात टाकीन असं वाटतं तुला?"

"मग दुसरं कोण आहे घरात?"

मी वळून पुढच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "राजधानीत सरकारी आश्रम आहे. मी डॉक्टरांशी बोलते. तिथं त्यांना डावीकडे बघायला नीट शिकवतील, रोज, सकाळ-संध्याकाळ. तुम्हालाही विसावा मिळेल."

७

त्या दिवशी जेवणानंतर वेनान्सियो अंगणातल्या झोपाळ्यात झोपला. मी पुढच्या खोलीत गेले आणि त्याच्या खुर्चीवर बसले.

मला खात्री करून घ्यायची होती. तिथे काही नसेल, तर सुनिल्दाचं ऐकून त्याला पाठवायचं. भूतबाधेच्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही मी त्या शब्दांत बोलणार नाही. मी फक्त बसले, तो बसतो तशी. तोंड उजवीकडे, खिडकीकडे. डावा हात मांडीवर सोडून दिला. डावीकडे काही नाहीच असं मनाशी धरलं. नाही म्हणजे नाही. भिंत नाही, दार नाही, माझी अर्धी खोली नाही.

हे वाटतं तितकं अवघड नव्हतं. थोड्या वेळाने सोपं झालं. मग इतकं सोपं झालं की मला भीती वाटली.

खिडकीच्या फटीतून रस्ता दिसत होता. ओब्दुलियाची एक कोंबडी धुळीत अंग घुसळत होती. आत उकडत होतं. माझ्या कपाळावरची बट घामाने गालावर चिकटली होती, डाव्या. मी ती सारली नाही, कारण तो गाल नव्हताच.

कुणीतरी ती बट उचलली आणि माझ्या कानामागे सारली.

अलगद. आई सारते तशी. बोट कानामागून फिरलं तेव्हा नख लागलं. लांब नख होतं, घासून गुळगुळीत केलेलं, हार्प वाजवणाऱ्यांचं असतं तसं. वेनान्सियोची नखं मी दर रविवारी कापते.

हात मागे जाताना नजरेच्या कडेला काहीतरी पांढरं सरकलं. बाही. मनगटापर्यंत बटण लावलेली, असल्या उकाड्यात.

मान वळवायची इच्छा झाली नाही असं नाही. मानेच्या शिरा ताठल्या, दुखायला लागल्या. मला वेनाच्या दंडावरचे वळ आठवले. मी कोंबडीकडे बघत राहिले. तिने पंख झाडले, उठली, सावलीत गेली. मी सावलीकडे बघत राहिले. बाहेरून भावाने "निमी, पाणी!" अशी हाक मारली तेव्हा उठले आणि उजव्या बाजूने वळून, पूर्ण गोल फिरून, खोलीबाहेर पडले. तसं फिरायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

८

सुनिल्दा आली ती कागद घेऊन. आश्रमात जागा झाली होती.

"तो कुठेही जाणार नाही," मी म्हणाले.

"न्या निमिया, त्यांनी असंच अर्धं राहावं असं वाटतं तुम्हाला?"

"अर्धा का होईना, सुखात आहे. तुझी रिबीन सोडून ने. उद्यापासून येऊ नकोस."

तिने कागद मिटून हातात धरला. रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं, आणि ती हे वरिष्ठांना कळवणार हेही तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "निदान निरोप तरी घेऊ द्या," ती म्हणाली.

आमच्याकडे निरोप दोन्ही गालांना गाल लावून घेतात. मला आधी सुचायला हवं होतं. ती वेनान्सियोपुढे वाकली, उजव्या गालाला गाल लावला. "येते, काराई. शहाण्यासारखं राहा." मग ती दुसऱ्या बाजूला वळली.

"पोरी, नको, इकडून ये!" मी ओरडले.

तोवर ती वाकली होती. डाव्या गालापाशी तिचा चेहरा टेकला आणि तिथेच राहिला. तिची पाठ मला दिसत होती. पाठीवरचा पांढरा झगा आधी श्वासाने वरखाली होत होता, मग तो हलायचा थांबला. वेनान्सियो हसऱ्या चेहऱ्याने खिडकीकडे बघत होता.

ती सरळ झाली तेव्हा तिने तोंड उजवीकडे फिरवलेलं होतं. पूर्ण, खांद्यापर्यंत. ओठ पांढरे पडले होते. हातातला आश्रमाचा कागद तिने चुरगळून झग्याच्या खिशात कोंबला आणि भिंतीला खांदा घासत दारापर्यंत गेली. तिथे थांबली. वडीलधाऱ्यांसमोर बोलावं तशा हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"न्या निमिया, त्यांना बसायला काहीतरी द्या. केव्हाचे उभे आहेत ते."

आणि ती गेली. फाटक वाजलं.

मी स्वयंपाकघरातून वेताची खुर्ची आणली. खिडकीवर नजर ठेवून, पाठीमागे ओढत, अंदाजाने वेनान्सियोच्या डाव्या हाताला नेऊन ठेवली. खुर्चीच्या पाठीवरून हात काढून घेतला.

वेत करकरला, आणि मग बैठकीवर भार नीट बसल्यावर शांत झाला.

"बरं केलंस, निमी," माझा भाऊ म्हणाला.